नामिबियात स्वतःच्या हाताने गाडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दिवाळी अंकातल्या माझ्या नामिबियावरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांना एकच विचारायचं आहे : आपली आपण गाडी चालवत, गाडीतच झोपत-जेवत हा देश पाहता येईल का? येईल. नोकरीनिमित्त मी स्वाकोपमुंडला राहत होते, खाणींच्या पाणीपुरवठ्याचं काम बघत होते, आणि सुट्टी जोडून आली की छतावर तंबू असलेली गाडी घेऊन निघायचे. त्या भरवशावर ही उत्तरं देते आहे. सारख्या प्रश्नांपैकी एकेकच घेतला आहे.

आम्ही दोघं आणि 13 व 9 वर्षांची मुलं. आत पलंग, ओटा, संडास असलेली मोठी कॅम्परव्हॅन घ्यायची आहे. 12 दिवसांत एतोशा, सोसुसव्ले, फिश रिव्हर कॅन्यन, कगालागाडी आणि व्हिक्टोरिया धबधबा असं बसवलं आहे. जमेल ना?
– डोंबिवली

आधी गाडीचं सांगते. तुम्ही म्हणता ती घरासारखी व्हॅन डांबरी रस्त्यावर उत्तम. तीच हवी असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरला जा. सुमारे 19,500 चौरस किलोमीटरचं रान, मुख्य रस्ते डांबरी, मोठ्या कॅम्पमध्ये वीज जोडायची सोय. नामिबियात मात्र मुख्य रस्ते सोडले की सगळी खडी आणि मुरूम. बऱ्याच कंपन्या मोठी व्हॅन कच्च्या रस्त्यावर न्यायला करारातच मनाई करतात. तिथे चालते ती चारही चाकांना जोर असलेली डबल कॅब पिकअप. छतावर दोन घडीचे तंबू, मागे फ्रिज, गॅसची शेगडी, टेबल-खुर्च्या, पाण्याची टाकी, दोन स्टेपन्या. चौघांना पुरते. संडास-बाथरूमची काळजी करू नका. कॅम्पिंगच्या जागांवर ती सोय असते, आणि लाकडाच्या बंबावर तापवलेलं गरम पाणीही बऱ्याच ठिकाणी मिळतं.

आता बेताबद्दल. हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे आणि 2023च्या जनगणनेत माणसं भरली सुमारे 30 लाख. राजधानी विंडहुकहून व्हिक्टोरिया धबधबा साधारण 1,400 किलोमीटर, आणि फिश रिव्हर कॅन्यन अगदी उलट टोकाला. तुमच्या यादीप्रमाणे गेलात तर मुलं 12 दिवस मागच्या सीटवर बसून काचेबाहेरची धूळ बघतील. माझं ऐकाल तर तीन नावं खोडा. विंडहुकहून सेसरिमला, म्हणजे सोसुसव्लेच्या प्रवेशद्वाराशी, या आणि तीन रात्री थांबा. मग स्वाकोपमुंडला दोन रात्री. तिथून वॉल्विस बेचे रोहित पाहता येतात, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात मुलांना थंडीही वाजेल. एक रात्र स्पिट्झकोप्पेच्या गुलाबी खडकांखाली. उरलेले सगळे दिवस एतोशाच्या उद्यानात. एकाच जागी तिसरी सकाळ उजाडते तेव्हा मुलं पावलांचे ठसे ओळखायला लागतात, हे मी पाहुण्यांच्या पोरांबाबत बघितलं आहे.

सेसरिमला कॅम्प उद्यानाच्या कुंपणाच्या आतलाच घ्या. बाहेरच्यांसाठी मुख्य फाटक सूर्योदयाला उघडतं; आत मुक्काम असणाऱ्यांना आतलं फाटक तासभर आधी उघडून देतात. 45 किलोमीटरवरच्या 'ड्यून 45' या वाळूच्या टेकडीवर उजाडताना उभं राहायचं तर हा तास लागतोच. 60 किलोमीटर डांबर आहे, पुढचे 5 किलोमीटर खोल वाळू. वाळूत चालवायचा हात बसलेला नसेल तर गाडी तिथेच लावून उद्यानाच्या वाहनाने पुढे जा. डेडव्ले या सुकलेल्या तळ्याला त्यापुढे वाळूतून साधारण किलोमीटरभर चालावं लागतं. त्साउखाब नदीचं पाणी एके काळी तिथवर पोचायचं. वाळूच्या डोंगरांनी वाट अडवली, बाभळीच्या कुळातली झाडं वाळून मेली, आणि हवा इतकी कोरडी की 600-700 वर्षांत ती कुजलीसुद्धा नाहीत. पांढऱ्या मातीत काळी खोडं नुसती उभी आहेत. मुलांना फोटोसाठी त्यांवर चढवू नका, हात लावू देऊ नका. मोडलेली फांदी तिथे पुन्हा फुटणार नाही.

एसटीत चालक म्हणून नोकरी झाली, आंबेनळीपासून सगळे घाट केले. मुलगा दुबईला असतो, तो नामिबियाला नेतो म्हणतो आणि गाडी मीच चालवणार. तिथल्या रस्त्याबद्दल काय ध्यानात ठेवू?
– सातारा

काका, तुम्हाला गाडी चालवायला मी काय शिकवणार! आणि तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालायचं, त्यामुळे हात बसलेलाच आहे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, वर्षभर चालतो. काही कंपन्या चालकाच्या वयाला वरची मर्यादा ठेवतात, ते मुलाला बुकिंगच्या आधी विचारायला सांगा.

पण एक गोष्ट घाटातल्या अनुभवाला थोडी फसवणारी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नामिबियाचा खडीचा रस्ता सरळ असतो, रुंद असतो आणि मोकळा असतो. तासभर समोरून गाडी येत नाही. पाय आपोआप जड होतो. कायद्याने 100 ची मुभा आहे, पण 80 च्या वर काटा जाऊ देऊ नका. तिथे परदेशी पाहुण्यांना दगा देतो तो सिंह नव्हे, हा रस्ता देतो. वळणावर किंवा कडेच्या भुसभुशीत मातीत मागची चाकं सरकतात, माणूस घाबरून स्टिअरिंग उलट फिरवतो, आणि छतावर तंबूचं वजन असलेली उंच गाडी पलटी होते. दुसरी गाडी जवळपास नसताना झालेल्या अशा अपघाताला बऱ्याच विम्यांत भरपाई कमी किंवा नाहीच. टायर, पुढची काच आणि गाडीचं पोट हेही साध्या विम्यात बहुधा नसतं. सही करण्याआधी ही कलमं मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

टायरच्या हवेचं बघा. डांबरावर कंपनी सांगेल तेवढी, समजा 32. खडीला लागताना ती 26 च्या आसपास आणायची, खोल वाळूत 16 ते 18. मी करायचे ते असं : गाडी कडेला घ्यायची, वॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवायचं (बोनेटवर ठेवलं की हरवलं), बारीक काडीने टोचून हवा सोडायची, आणि दर थोड्या वेळाने मीटर लावून बघायचं. चारही चाकांना सारखी. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतं, टोकदार खडीवर फाटत नाही आणि पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या रस्त्यावर अंगातले सांधेही कमी हादरतात. डांबर परत लागलं की पंपाने भरायचीच, नाहीतर टायर तापतं. गाडी ताब्यात घेताना पंप आणि मीटर चालू करून बघा. जॅक कुठे आहे, स्टेपनी कशी उतरते, हे तिथेच त्यांच्या माणसाकडून करून दाखवून घ्या.

समोरून गाडी आली तर वेग उतरवून डावीकडे या. तिच्या धुळीत काही क्षण काही दिसत नाही. जनावर आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक, चाक फिरवायचं नाही. सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचा. अंधारात कुडू रस्त्यावर उडी घेतात, मोठ्या सांबराएवढं ते जनावर काचेतून आत येतं, म्हणून बहुतेक करारांत रात्रीच्या प्रवासाला बंदीच असते. आणि पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी.

पिवळ्या तापाची लस लागते का?
– बरेच जण

भारतातून थेट जाणाऱ्याला नामिबियासाठी ती अट नाही. पण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट असेल तर तिथे किती वेळ थांबणं आहे, विमानतळाबाहेर पडणार का, यावर अवलंबून आहे, आणि परतताना भारतातही विचारणा होऊ शकते. अशा मार्गाने जाणार असाल तर सरकारमान्य केंद्रात निदान 10 दिवस आधी लस घेऊन तिच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक जवळ ठेवा. एकदा घेतली की जन्मभर चालते. एतोशा आणि उत्तरेकडे पावसाळ्यात मलेरियाही असतो, त्यासाठी डॉक्टरांना विचारा.

आम्ही पूर्ण शाकाहारी. पंधरा दिवस काय खाणार?
– पुणे

घरचंच. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटात तांदूळ, मसूर, कांदे, बटाटे, कोबी, दही सगळं मिळतं. मसाले आणि छोटा कुकर घरून न्या. आणखी एक गंमत सांगते. उत्तर नामिबियातल्या ओवाम्बो लोकांचं रोजचं अन्न महांगू, म्हणजे आपली बाजरी. त्याचं पीठ दुकानात पिशवीत मिळतं. माझ्या भाकऱ्या त्याच पिठाच्या व्हायच्या. कॅम्पवर प्रत्येक जागेला निखाऱ्यांची चूल आणि जाळी असते, भाकरी त्या जाळीवर अशी टम्म फुगते की शेजारचे जर्मन पाहुणे ताटली घेऊन आले होते. लाकडं विकत घ्या, झाडाखालची उचलू नका. मांसाहारी वाचकांसाठी एवढंच : एतोशाच्या उत्तरेकडून दक्षिणेला येताना जनावरांच्या रोगांसाठी घातलेलं कुंपण लागतं, तिथे कच्चं मांस काढून घेतात.

पाणी माणशी रोज 5 लिटर धरा, गाडी बंद पडली तर उपयोगी पडावं म्हणून त्यावर एक जादा कॅन.

एतोशात तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फिरलो, रोज दीड-दोनशे किलोमीटर. झेब्रे आणि हरणं खूप दिसली, पण सिंह एकही नाही, गेंडा नाही. आमचं काय चुकलं?
– ठाणे

चुकलं काही नाही, पण किलोमीटर फार झाले.

एतोशाचं सगळं गणित पाण्याचं आहे. उद्यान 22,000 चौरस किलोमीटरहून मोठं, त्यात मधोमध जवळपास 4,800 चौरस किलोमीटरचं खारट मातीचं सपाट मैदान. त्यात प्यायला काही नाही. पण दक्षिणेकडच्या चुनखडकातून जमिनीखालचं पाणी उत्तरेला सरकत येतं, या मैदानाच्या चिकणमातीला अडतं आणि कडेला झरे होऊन वर येतं. म्हणून नकाशावर पाणवठे बघाल तर मैदानाच्या दक्षिण काठाने ओळीने आहेत : साल्वाडोरा, रीटफोंटेन, चुडोप, क्लाइन नामुतोनी. काही ठिकाणी बोअरचं पाणी सोडलं आहे. मे ते ऑक्टोबर पाऊस नसतो, तेव्हा एवढ्या रानातल्या प्रत्येक जनावराला त्यांतल्या कुठल्या तरी पाण्यावर यावंच लागतं. तुम्ही त्यांच्यामागे धावायचं कशाला? इंजिन बंद करून पाण्याशी बसा. एकाच ठिकाणी तीन तास. डबा गाडीतच खा; कॅम्प किंवा कुंपण घातलेली थांब्याची जागा सोडून गाडीतून उतरायची परवानगी नाही.

आणि रात्री झोपू नका! ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर दिवे असतात, दगडी बुटक्या भिंतीमागे बाकं आहेत, रात्रभर बसता येतं. काळा गेंडा पाहायला जगात याहून बरी जागा मला माहीत नाही. साडेनऊला जेवणारी मंडळी उठून जातात, आणि खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. आधी जिराफ येतो. पाण्यापासून वीस पावलांवर थांबतो आणि नुसता उभा राहतो. कान फिरवतो. दोन पावलं पुढे, परत थांबतो. पुढचे पाय फाकवून मान खाली घातली की तो सगळ्यात असहाय असतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पाय फाकवतो, मान अर्ध्यावर येते, कुठे खुट्ट झालं की झटक्यात वर. असं चार-पाच वेळा. मग कधीतरी ओठ पाण्याला लागतात आणि वर येताना तोंडातून पाण्याची धार लांबवर उडते, ती दिव्यात चमकते. तेवढ्यात अंधारातून फुरफुर ऐकू येते, तो गेंडा. एरवी एकटा हिंडणारा हा प्राणी पाण्यावर दुसऱ्या गेंड्याला भेटतो, नाकाला नाक लावून फुत्कारतात, कधी मादीबरोबर पिल्लू असतं. हत्तींचा कळप आला की बाकीचे सगळे आपणहून मागे होतात. एतोशाचे हत्ती त्या मैदानाच्या मातीने पांढरे झालेले असतात, रात्री तर चुन्याने सारवल्यासारखे दिसतात. फ्लॅश मारू नका, बोलू नका. आपल्याकडच्या काही ग्रुपना हे सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या वेळी ओकाउकुएयोला दोन रात्री, हलालीला एक, नामुतोनीला एक असं करा. एका कॅम्पहून दुसरा सत्तरेक किलोमीटरवर, पण 60 ची वेगमर्यादा आणि वाटेतले पाणवठे धरले तर अख्खा दिवस तिथेच जातो, आणि जायलाच हवा. हलालीत रात्री कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवू नका, रेटेल म्हणून एक धिटुकला प्राणी आहे, तो डबेसुद्धा उघडतो. चपला गाडीत ठेवा, कोल्हे पळवतात.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एतोशा 1907 मध्ये जर्मन अमलात राखीव झालं. पण त्याआधी पिढ्यानपिढ्या या झऱ्यांवर हाइओम नावाचे, 'सान' जमातीतले लोक राहत होते, शिकार करत होते. 1954 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीने त्यांना उद्यानातून बाहेर काढलं, बऱ्याच जणांना आसपासच्या गोऱ्या मालकांच्या शेतांवर मजुरी करावी लागली. आज 'माणसाचा स्पर्श न झालेलं रान' अशी त्याची जाहिरात होते. ते खरं नाही. ज्या पाणवठ्याशी आपण कॅमेरा लावून बसतो ते कुणाचं तरी गाव होतं. तिथे कामाला असलेले काही वाटाडे याच समाजाचे आहेत. एखादी सफर त्यांच्याबरोबर करा आणि त्यांनाच विचारा.

कुनोत आलेले चित्ते नामिबियातलेच ना? मग तिथे ते मोकळे दिसतील का?
– नागपूर

हो, 17 सप्टेंबर 2022 ला आलेले पहिले आठ नामिबियाचेच. तिथे चित्ते भरपूर आहेत, तरी उद्यानात दिसणं नशिबाचं, कारण त्यांतले बहुतेक राखीव रानाबाहेर, खासगी गुराढोरांच्या कुरणांवर राहतात. उद्यानात सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात, पिल्लं मारतात. कुरणावर तो धोका कमी, पण शेतकऱ्याची बंदूक असते. म्हणून ओटजिवारोंगोजवळ 1990 पासून काम करणारी चित्ता संवर्धन संस्था शेतकऱ्यांना राखणीचे मोठे कुत्रे देते. कुत्रा कळपाबरोबर वाढतो, चित्ता आला की भुंकून हुसकावतो, शेळी वाचते आणि चित्ताही. विंडहुक-एतोशा रस्त्यावरून थोडं आत, कच्च्या रस्त्याने जावं लागतं. पर्यटकांना पाहू देतात. कुनोबद्दल मत बनवण्याआधी हे काम बघाच.

वय 66, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. छतावरच्या तंबूची शिडी जमेल का?
– नाशिक

ताई, नाही जमणार, आणि ओढूनताणून करूही नका. अंधारात, झोपेत, आठ पायऱ्या उतरणं कुणालाच सोपं नाही. पण म्हणून सहल सोडू नका. जमिनीवरचा उंच तंबू आणि घडीची खाट असलेली गाडी मागून घेता येते. किंवा मुलं छतावर झोपतील, तुम्ही कॅम्पमधलीच खोली घ्या. एतोशाच्या सरकारी कॅम्पमध्ये दोन्ही सोयी एकाच आवारात आहेत, ओकाउकुएयोला पाणवठ्याला लागून खोल्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे हाडं गोठतात. लोकरीची टोपी आणि गरम पाण्याची पिशवी न्या. सप्टेंबर तुम्हाला जास्त मानवेल.

प्रिटोरियाला नोकरी करतो. स्वतःची एसयूव्ही आहे, पण चारही चाकांना जोर नाही. तिने कगालागाडी होईल का? तिथून नामिबियात शिरता येईल का?
– मूळचा सांगलीचा एक वाचक

उद्यानातले मुख्य रस्ते होतील. औब आणि नोसोब या दोन कोरड्या नद्यांच्या पात्रांतून रस्ते जातात, जमिनीपासून उंच असलेली साधी गाडी हवा कमी करून हळू चालवली तर पुरते. ट्वी रिव्हिरेन या दक्षिण आफ्रिकेकडच्या फाटकाहून नोसोब कॅम्प 160 किलोमीटर, वेगमर्यादा 50, तेव्हा साडेचार तास धरा. आडवाटांच्या खुणांकडे वळू नका. 1931 चं दक्षिण आफ्रिकेचं उद्यान आणि बोट्सवानाचं उद्यान 2000 मध्ये जोडून हे एक झालं, मधे कुंपण नाही. औबच्या पात्रातले पाणवठे पाहताना लक्षात ठेवा, त्यांतल्या काही विहिरी पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी खणल्या होत्या. आज त्यांवर काळ्या आयाळीचे सिंह येतात. मोठ्या बाभळींवर गवताच्या गंजीएवढी सुगरणींच्या भाईबंदांची सामाईक घरटी दिसतील, त्यांखाली गाडी उभी करून वर बघा, घरट्याच्या तळाला शेकडो दारं असतात. आणि बघताना फांदीवर पिवळा नाग नाही ना, तेही बघा. तो पिल्लांसाठी चढतो.

माटा-माटा फाटकातून नामिबियात जाता येतं, पण उद्यानात निदान दोन रात्री मुक्काम असावा लागतो, आणि दक्षिण आफ्रिकेचे शिक्के ट्वी रिव्हिरेनलाच मारून घ्यावे लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं सीमा ओलांडायचं पत्र हवं. तुम्हाला भारतीय पासपोर्टवर नामिबियाचा व्हिसा आधी बघावा लागेल. कॅम्पची नोंदणी 11 महिने आधी उघडते आणि जून-जुलैच्या सुट्ट्यांत लगेच संपते, तेव्हा तारखा ठरवून त्याच आठवड्यात बसा.